अण्णांनी पुसलेलं चीज

अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय वर्षं चौऱ्याऐंशी. आमच्या दादरच्या घरात लोणच्याच्या बरण्यांवर त्यांची हुकमत. सासूबाई गेल्यापासून ते काम त्यांनी कुणाला करू दिलेलं नाही. आंघोळ झाली की मिठाच्या पाण्यात स्वच्छ फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं आणि एकेका बरणीचं तोंड पुसायचं. आजवर एका बरणीला बुरशी नाही.

आणि त्याच घरात मी मुद्दाम बुरशी वाढवते.

माझा नवरा मनमोहन गेल्यावर संध्याकाळी सरता सरेनात, म्हणून फोनवर व्हिडिओ बघत चीज करायला शिकले. पहिल्या वर्षीचं सगळं फसलेलं चीज अण्णांनी पोळीबरोबर खाल्लं. एकदा तर निव्वळ खडू झाला होता. "चांगलं लागतंय," म्हणाले, आणि लागोपाठ दोन पेले पाणी प्यायले.

यंदा पहिल्यांदाच बाहेरचं कुणी माझं चीज चाखणार होतं. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात रुचाचं छोटं दुकान आहे. घरी, हाताने केलेलं चीज ती वाइन, बिअर आणि सायडरबरोबर लोकांना चाखायला देते. सायडर म्हणजे सफरचंदाच्या रसाची हलकी, फसफसणारी दारू. "काकू, तुमचं ते पांढऱ्या सालीचं मऊ चीज आणा," रुचा म्हणाली होती. "जमलं तर दर महिन्याला तुमचंच ठेवू."

तळहाताएवढ्या आठ चकत्या केल्या आणि नेमकं बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तीन आठवडे अलिबागला जाणं भाग होतं. निघताना अण्णांना सांगितलं, "धाकट्या फ्रिजमधल्या चकत्या रोज फक्त उलटायच्या."

"एवढंच?"

"एवढंच."

परत येऊन फ्रिज उघडला, तर असा वास, की मी आधी स्वतःच्या चपलांकडे बघितलं. पांढऱ्या मखमली बुरशीचा पत्ता नाही. आठही चकत्या केशरी आणि चिकट.

"पाचव्या दिवशी बुरशी धरायला लागली होती गं," अण्णा मागून म्हणाले. "बरं झालं, वेळीच लक्षात आलं. मिठाच्या पाण्याने रोज पुसल्या. एक दिवस चुकवला नाही." भिंतीवरच्या कॅलेंडरात पाच तारखेपासून रोज पेन्सिलीची एक खूण होती.

ज्या माणसाने माझा खडू खाल्ला, त्याला काय बोलणार? "बरं झालं, तुम्ही होतात," म्हणाले, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. चाखणं परवावर आलं होतं. नवीन करायला महिना लागला असता.

रुचाला फोन केला. "चीज नासलं गं. माझं नाव काढून टाक."

"काकू, टाकू नका काही. आहे तसं घेऊन या."

तिने डबा उघडला, नाक मुरडलं नाही. चकती कापली तर आतून साईसारखी. पांढऱ्या वाइनबरोबर खाल्लं, वाइनचं पाणी झालं. बिअरबरोबर खाल्लं, दोघांचं भांडण. "जाऊ दे ना," मी म्हणाले. तिने सायडर ओतली. एक घास, एक घोट, परत एक घास. मग माझ्यापुढे बशी सरकवली. वास कुठल्या कुठे गेला. आधी लोणी, मग भाजलेल्या शेंगदाण्यांची खारट चव, आणि मागून हळूच सफरचंद.

"काकू! अशी साल रोज धुवूनच येते. कशाने धुतलंत? किती दिवस?"

श्रेय घ्यायला तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण अण्णांच्या त्या पेन्सिलीच्या खुणा आठवल्या. "मी नाही गं. माझ्या सासऱ्यांनी. त्यांना वाटलं, खराब होतंय."

रुचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "दर महिन्याला हेच हवं. अगदी असंच. जमेल ना?"

"त्यांना विचारावं लागेल."

घरी अण्णा दाराजवळच खुर्ची टाकून बसले होते. "काय म्हणाली? पसंत पडलं?"

"पडलं. दर महिन्याला हवंय."

"बघ! आणि बुरशी वाढली असती तर?"

आता सांगणं भाग होतं. "अण्णा, ती बुरशी मीच लावली होती. मुद्दाम."

"म्हणजे मी तुझं काम नासवलं?"

"नाही हो. मी केलं असतं ते चारचौघांसारखं झालं असतं. तिला तुमचंच हवंय. पुढच्या महिन्यापासून तुम्हीच पुसायचं. पुसाल ना?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. "पुसेन. पण आता मुद्दाम बुरशी लावत बसू नकोस. उगाच माझं काम वाढतं."

रुचाने सायडरची एक बाटली दिली होती. आयुष्यात न प्यायलेल्या माणसाने तिचा वास घेतला. "फळाचंच आहे ना?" म्हणाले, आणि वाटी पुढे केली. मी पोळीवर चीज लावून दिलं. त्यांनी ते सावकाश खाल्लं, वाटीतलं घोटभर प्यायले, आणि दुसरी पोळी मागितली.

पाणी मात्र मागितलं नाही.