सोनिया कुणाच्यात जेवते

"घरात पलंग हाय का, ते काय इचारता साहेब? पोरगी झोपती का निवांत, ते इचारा की," लक्ष्मीबाई म्हणाली आणि बालकल्याण समितीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. खुर्ची कुणी दिली नव्हती, मग तिनं टेबलच घेतलं.

लक्ष्मीबाई बर्डे मुकुंदवाडीच्या बाजारात जायकवाडीचे मासे विकते. भिल्लांच्या वस्तीत कुणाचं सरकारी काम अडलं की माशांची पाटी झाकून हीच बाई पुढं होते. या वेळी काम घरचंच होतं. तिच्या बहिणीची नात सोनिया, वय वर्षं सहा. आई वारलेली, बाप ऊसतोडीला गेलेला. ही पोरगी एका शेळीच्या मागं मागं मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनात पोचली आणि तिथून पोलिसांनी तिला बालगृहात नेलं. त्याच दिवशी त्याच स्टेशनात बजाजनगरचा एक मुलगाही सापडला होता. आईबापांनी आधार कार्ड दाखवलं आणि तो संध्याकाळी घरी गेला. आधार कार्ड सोनियाचंही होतं. पण समितीला आधी 'तुमच्या लोकांची' खात्री करून घ्यायची होती. त्यात पोरीचे दोन महिने गेले.

अखेर घर पाहायला समितीकडून तनुजा मॅडम येणार असं ठरलं. मॅडम नोकरीत नवीन होत्या. लक्ष्मीबाईनं वस्तीला बजावलं, "जे खरं हाय तेच सांगायचं. एक शब्द इकडं तिकडं नाय."

तिथंच घोटाळा झाला.

"सोनिया कुठे जेवते?" मॅडमनी पहिल्या घरात विचारलं.

"आमच्यात."

दुसऱ्या घरात विचारलं. "आमच्यातच की!" तिसऱ्या घरातही तेच. म्हाताऱ्या कडुबानं तर पोरीची गोधडी आणून दाखवली. तेवढ्यात शेजारीण धावत आली, तिच्याही हातात सोनियाची गोधडी.

मॅडमचा चेहरा पडला. "मावशी, तुम्ही सगळ्यांना पढवून ठेवलंय."

लक्ष्मीबाई पोट धरधरून हसली. "अवो बाई, खोटंच बोलायचं असतं तर एकच घर नसतं का दाखिवलं? ज्याची चूल आधी पेटंल, तिथं पोरं जेवत्यात. कुणाचं पोर हाय ते आमच्यात कुणी इचारत नाय. बसा आता, कालवण निवायलंय."

मॅडम आधी नको नको म्हणाल्या, मग दोन भाकरी खाऊन उठल्या.

पण समितीचे साहेब काही कालवण खाऊन आले नव्हते. पुढच्या तारखेला ते म्हणाले, "या घरातून त्या घरात फिरणारं मूल म्हणजे त्याला कुणी वाली नाही, असाच अर्थ होतो."

लक्ष्मीबाईला राग आला, पण तिनं आवाज चढवला नाही. "साहेब, त्या बजाजनगरच्या पोराच्या घरी कुणी गेलं हुतं का, ते कुठं जेवतं बघाया? गेलं असंल तर मी गप बसते. नसंल, तर त्याला जसं सोडलं तसं आमच्या पोरीला सोडा."

साहेब पंख्याकडं बघू लागले.

"नव्हतं गेलं, सर," तनुजा मॅडम म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या. "सोनियाच्या घरी मी गेले होते. तिथे तिची काळजी घेणारी पुष्कळ माणसं आहेत, सर."

साहेबांनी सही केली. लक्ष्मीबाई तरी हलेना. "फुडच्या पोरासाठीबी हाच कायदा ठिवा. दर बारीला मासे टाकून यायला मला नाय जमायचं." ती हे हसत म्हणाली, पण साहेबांनी मान हलवेपर्यंत तिनं टेबल सोडलं नाही.

सोनिया आली तेव्हा वस्तीत लग्नघरासारखा गलका झाला. ज्यानं त्यानं तिला उचलून घेतलं. तिच्या दोन घट्ट वेण्यांचं कौतुक झालं, नव्या फ्रॉकचं झालं. अंधार पडायच्या आत सगळ्या चुली पेटल्या आणि पोरीला चहूकडून हाका येऊ लागल्या. कडुबाचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून ती त्याच्याकडं गेली.

उंबऱ्याबाहेरच थांबली. बालगृहाच्या रांगेत उभी असल्यासारखे पाय जुळवले, हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी जेवू का?"

कडुबाच्या हातातला घास हातातच राहिला. वस्तीतल्या पोरानं असं कधी विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाई मागून आली. ती पोरीपुढं खाली बसली, तिचे जोडलेले हात हळूच सोडवले आणि त्यांत भाकरी ठेवली.