चौथी पट्टी

आईने पिशवीतून स्पीकर काढून दुकानातल्या टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून समोरच बसली. "माझ्या डोळ्यांदेखत उघड. मागाहून सांगितलेलं मला चालायचं नाही."

लेकीने तो लगेच ओळखला. बाबांनी दुरुस्त केलेला शेवटचा स्पीकर. अकरा वर्षं माळ्यावर पडून होता. लावला की घशात कुसळ अडकल्यासारखा खरखरायचा. त्या खरखरीनेच बाबांनी हाय खाल्ली. "कॉइल वाकडी गुंडाळली मी. हात गेला माझा," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली लेकीच्या हातात दिली. मग जाईपर्यंत तारेला शिवले नाहीत.

"आता कशाला उकरून काढतेस, आई?"

"हात त्यांचा चुकला की चूक माझी, ते कळू दे मला एकदाचं."

"तुझी? तू कधी कथलाचा डाग दिलास की तार गुंडाळलीस?"

आईने स्पीकर तिच्यापुढे सरकवला.

लेकीने स्पीकरच्या कागदी कोनावर दोन्ही अंगठे टेकवून हलकेच दाबलं, कान जवळ नेला. खर्र! मग मीटर लावला. काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. तार शाबूत होती. कापसाने थिनर फिरवून तिने मधली टोपी सोडवली. आत तांब्याची वेटोळी दिसली, एकाला एक खेटून, रांगेत उभ्या केलेल्या मुलींसारखी.

"वाकडं काय आहे गं यात? मला अजून अशी जमत नाही."

कॉइल बसवताना भोवतीच्या फटीत चार बाजूंनी फोटोच्या जुन्या फिल्मच्या पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे ती मधोमध राहते. गोंद वाळला की पट्ट्या काढायच्या. बाबांची नजर अधू झाल्यापासून ते चाचपून काढत आणि आई शेजारी उभी राहून मोजत असे. नुसती मोजेल तर ती आई कसली!

एक उगवतीची, एक मावळतीची,
एक माझ्या माहेरची, एक तुमच्या घरची.

गाणं संपलं की बाबा टोपी चिकटवत. शेजारचा शिंपी ओरडायचा, "मिस्त्री, दुरुस्ती चाललीय की लग्न लागतंय?" आणि आई लाजून आत पळायची.

लेकीने दिवा खाली ओढला. फटीत काळसर कडा चमकली. चिमट्याने धरून अलगद ओढली, तर बोटभर फिल्म बाहेर आली.

"चौथी," आई पुटपुटली. "त्या दिवशी भांडण झालं होतं आमचं. यांनी हाक मारली, मोज गं. मी मागच्या स्वयंपाकघरातूनच चारही ओळीने म्हणून टाकल्या. बघायला आलेच नाही."

"पण बाबांनी परत उघडून का नाही पाहिलं?"

"स्वतःच्या हातावर शंका आली त्यांना. माझ्या मोजण्यावर नाही आली." आईचे डोळे भरले आणि चेहरा मात्र उजळला. "म्हणजे हात गेला नव्हता गं यांचा!"

लेकीने तारांना सेल टेकवला. कोन टुणकन पुढे आला, कुठेही न घासता. तिने टोपीला गोंद लावायला घेतला.

"थांब." आईने चष्मा चढवला, वाकून फटीत सगळीकडून नीट पाहिलं. ती पट्टी तळहातावर घेतली.

"एक तुमच्या घरची," ती हळूच म्हणाली. मग लेकीकडे वळली. "हं. आता लाव टोपी."