हृदयपर्णाचा कौल

परदेशीपुऱ्यातल्या एका जुन्या गोदामात दर रविवारी संध्याकाळी एक वेल रडायची, आणि तिचं रडणं बघायला निम्मं इंदूर लोटायचं.

निम्मं म्हणजे जरा जास्तच झालं, पण स्कूटर लावायला जागा मिळत नसे एवढं खरं. चपलांचा ढीग दारातून पार रस्त्यावर यायचा. आत शिरलं की समोर भिंतभर जाळी, जाळीवर जाड, चकचकीत पानांची वेल, आणि पानांआड फुलांचे गोल झुबके. एकेक फूल म्हणजे मेणाचा गुलाबीसर तारा. वेलीखाली चौरंगावर पर्णानंदजी बसायचे. हिरवी कफनी, हिरवी टोपी, मोजेसुद्धा हिरवे. आधी त्यांचा शिष्य फवाऱ्याने वेलीवर गंगाजल मारायचा, मग पर्णानंदजी डोळे मिटून भजन धरायचे, आणि भजन रंगात आलं की फुलाफुलातून दाट, पारदर्शक थेंब ओघळायला लागायचे.

"वेल रो रही है," पर्णानंदजी हळूच म्हणायचे. "भक्तीने भरून आलं तिला."

शिष्य ते थेंब चमच्यात टिपून पुढच्या रांगेतल्या भाग्यवंतांच्या जिभेवर ठेवायचा. थेंब गोड लागायचे. आता अमृत म्हटल्यावर ते कडू कसं असेल?

त्या रविवारी पुढच्या रांगेत अरुंधती मुळे बसली होती. जुन्या इंदुरात तिचा दातांचा दवाखाना. आडनाव मुळे आणि सगळा जन्म लोकांच्या दातांची मुळं साफ करण्यात गेलेला, त्यामुळे पेशंट गंमत करायचे आणि तीही हसून घ्यायची. जिभेवर थेंब पडला तशी ती शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे कलली.

"शाम, ही होया आहे. माझ्या दवाखान्याच्या खिडकीत आहे ना, तिचीच बहीण. तीपण अशीच गळते. मुंग्या येतात म्हणून मी खाली ताटली ठेवते."

"हळू बोल," शाम कुजबुजला. "विहीणबाई बघतायत."

विहीणबाई म्हणजे शशिकलाताई. मुळ्यांच्या सुरभीचं त्यांच्या धनेशशी लग्न ठरल्यात जमा होतं. हॉल, साड्या, जेवण, सगळी बोलणी झाली होती. फक्त तारीख धरायची होती, आणि ती धरण्याआधी पर्णानंदजींचा आशीर्वाद घ्यायचा असा शशिकलाताईंचा आग्रह होता. आग्रहाला कारण होतं. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न, पत्रिका उत्तम जुळलेली असूनही, वर्षभरात मोडलं होतं. तेव्हापासून बाईंना कशाचीच खात्री वाटेनाशी झाली होती, आणि ज्याला खात्री हवी असते त्याला ती विकणारा कुठे ना कुठे भेटतोच.

भजनानंतर हृदयपर्णांचं वाटप सुरू झालं. हृदयपर्ण म्हणजे छोट्या कुंडीत मातीत खोचलेलं होयाच्याच एका जातीचं एकच जाड पान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं.

"पान हृदयाच्या आकाराचं का असतं?" पर्णानंदजींनी सभेला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "क्योंकि ते हृदय वाचतं. किडनी वाचत असतं तर किडनीच्या आकाराचं असतं."

माना डोलल्या.

"घर सात्त्विक असेल तर पानाला कोंब फुटेल. घरात दोष असेल तर पान तसंच राहील. ना मरेल, ना वाढेल. और एक बात. माती हलवायची नाही. ज्याने कुंडीतली माती उकरली त्याने आपल्या वंशाचं मूळ उकरलं, समझो."

शशिकलाताईंनी दोन्ही घरांसाठी कुंड्या मागितल्या. पर्णानंदजींनी मुळ्यांची जरा बारकाईने विचारपूस केली. दवाखाना स्वतःचा का, मुलगी एकुलती का, असं सगळं. मग ते पडद्याआड गेले आणि दोन कुंड्या घेऊन आले. कोणती कुंडी कोणाची, ते त्यांनी आपल्याच हाताने ठरवून दिलं.

अरुंधतीने कुंडी घरी आणली, खिडकीत ठेवली आणि विसरून गेली. शाम मात्र विसरला नाही. तसा तो विज्ञान मानणारा, पण "रख लेने में क्या जाता है" या पंथातला. रोज सकाळी पोहे खाण्याआधी तो पानाला गुड मॉर्निंग म्हणायचा. एकदा त्याने पानापुढे भजनही म्हटलं. शेजाऱ्यांचा कुत्रा भरून आल्यासारखा रडला, पानावर काही परिणाम झाला नाही.

महिने गेले. शशिकलाताईंच्या पानाशेजारी हिरवा कोंब आला. त्याचा फोटो आला, मग व्हिडिओ आला, मग कोंबाची आरती केल्याचंही कळलं. मुळ्यांचं पान होतं तसंच. हिरवंगार, टवटवीत आणि ढिम्म.

शेवटी फोन आला.

"बात ऐसी आहे अरुंधतीजी," शशिकलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखरच जड झाला होता. "सुरभी मला मुलीसारखीच आहे. पण महाराज म्हणतात तुमच्याकडे दोष आहे. या रविवारी दक्षिणा भरून सभेत शुद्धी करून घ्या. नाही तर हे लग्न राहू दे. मला पुन्हा तेच सगळं बघवणार नाही हो."

"आणि धनेश काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? तो काही बोलत नाही."

सुरभी दारात उभी राहून ऐकत होती. "आई, पानाचं मला काही नाही," ती म्हणाली. "पान आहे ते. धनेश काही बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. इतक्या महिन्यांत एकदाही त्याने आईला सांगितलं नाही की हे गलत आहे. मला फक्त म्हणतो, समजावतो, समजावतो."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

अरुंधतीला राग आला, पण त्याहून जास्त तिला कोडं पडलं. पान मेलेलं असतं तर एव्हाना कुजलं असतं. मुळं धरल्याशिवाय ते इतके महिने टवटवीत राहणार नाही. मग वाढत का नाही? खिडकीत उजेड भरपूर, माती भुसभुशीत, पाणी बेताचं. होयाला जे लागतं ते सगळं होतं.

होयाचं तिला कळत होतं, कारण दवाखान्यातल्या वेलीने तिला बरीच वर्षं झुलवलं होतं. मोठी कुंडी दिली, रोज पाणी घातलं, तर नुसती पानंच पानं. मग कामाच्या गडबडीत तिचं दुर्लक्ष झालं. लहान कुंडीत मुळांची दाटी झाली, दोन पाण्यांच्या मधे माती कोरडी पडू लागली, पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन मिळालं, आणि वेल फुलली. फुलं गळल्यावर मागे राहणारे देठ ती आधी कापून टाकायची. ते तिने सोडून दिलं, तर पुढच्या वर्षी त्याच देठांवर पुन्हा झुबके आले. संध्याकाळी दवाखान्यात असा वास सुटायचा की रूट कॅनालला आलेला माणूससुद्धा घटकाभर दुखणं विसरायचा.

दुसऱ्या दिवशी स्मिताबाई नावाच्या एक पेशंट कवळी न्यायला आल्या आणि त्यांनी त्या वेलीची काडी मागितली. अरुंधतीने कात्री घेतली.

"कशाला वेल कापता? एक पान द्या, पुरे," स्मिताबाई म्हणाल्या.

"नुसत्या पानाने भागत नाही. हे बघा, पान वेलीला जिथे चिकटतं तिथे गाठ असते. त्या गाठीत डोळा असतो आणि कोंब त्या डोळ्यातून येतो. नुसतं पान लावलं तर त्याला मुळं येतील, वर्षानुवर्षं जगेलसुद्धा, पण वेल काही..."

ती बोलता बोलता थांबली.

"काय झालं डॉक्टर?"

"काही नाही," अरुंधती म्हणाली. "मी काय बोलतेय ते मला आत्ता ऐकू आलं."

घरी येऊन तिने दात तपासायची बारीक आकडी काढली आणि कुंडीतली माती हलकेच बाजूला केली. शाम वंशाच्या मुळाबद्दल काहीतरी पुटपुटत स्वयंपाकघरात गेला, पण दारातून बघत राहिला. पानाचा देठ, देठाच्या टोकाला मुळांची जुडी, बस. ना गाठ, ना डोळा. फोनवर शोधल्यावर कळलं की ही बदामी पानं फेब्रुवारीत प्रेमाची भेट म्हणून सर्रास विकली जातात, आणि घेणारे पुढे वर्षभर विचारत बसतात की हे वाढत का नाही.

संध्याकाळी तिने धनेशला दवाखान्यात बोलावलं आणि पेशंटच्या खुर्चीवर बसवलं, कारण दुसरी रिकामी नव्हती.

"तुमच्या कुंडीत मातीखाली वेलीचा तुकडा असणार," तिने सांगितलं. "रविवारी तो सगळ्यांनी बघावा असं मला वाटतं. पण कुंडी तुझ्या आईची आहे. मी तिला हात लावणार नाही."

धनेशने खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं. "काकू, दादाच्या वेळी आईची झोप उडाली होती. तो कोंब आल्यापासून ती शांत झोपते. तो मी कसा उपटू?"

"ते मी कसं सांगू? पण त्याच कोंबामुळे माझी मुलगी झोपत नाही."

तो खुर्चीतून उतरला आणि निघून गेला.

रविवारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. बरेच भक्त आपापल्या कुंड्या दर आठवड्याला आशीर्वादासाठी आणत, त्यामुळे मांडीमांडीवर बदामी पानं होती. शुद्धीसाठी मुळे परिवाराचं नाव पुकारलं गेलं आणि अरुंधती उभी राहिली.

"महाराज, आधी एवढंच सांगा, कोंब येतो कशातून?"

"श्रद्धेतून," पर्णानंदजी म्हणाले. टाळ्या पडल्या.

"मग माती उकरायला हरकत नसावी." तिने पिशवीतून आपली कुंडी काढली आणि पान उपटून वर धरलं. सभेत कुजबुज उठली. "हे आमचं पान. नुसता देठ आणि मुळं. उसाच्या कांड्यावरचा डोळा काढून टाकला आणि कांडं पुरलं, तर ऊस येईल का? हे पान तसं आंधळं आहे. संताच्या घरी ठेवा नाही तर चोराच्या, त्याला कोंब येणार नाही."

"दोषी घर असंच बोलतं," पर्णानंदजी शांतपणे म्हणाले. "ज्यांच्याकडे कोंब आलाय त्यांना विचारा."

"मला विचारा," दारातून आवाज आला.

धनेश चपलांच्या ढिगातून वाट काढत आत आला. त्याच्या हातात घरची कुंडी होती. शशिकलाताई अर्धवट उठल्या. "धनेश, ठेव ते खाली."

"आई, कौल आपल्या बाजूचा आहे. म्हणून तो खरा की खोटा ते आपणच बघायला पाहिजे."

त्याने बोटांनीच माती काढली. पान वर आलं, कोंब वर आला, आणि दोघांच्या मधे होता बोटाच्या पेराएवढा वेलीचा तुकडा. त्यावर ठसठशीत गाठ. कोंब त्या गाठीतूनच निघाला होता.

मग दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी आपल्या कुंडीत केसांची पिन घातली. त्यांच्या शेजारणीने घातली. बघता बघता सगळी सभा माती उकरायला लागली. ज्यांना कोंब आला होता त्यांच्या कुंडीत गाठ निघाली, ज्यांना आला नव्हता त्यांच्या कुंडीत नुसता देठ. ज्यांच्या तोंडून महाराजांची कीर्ती पसरायला हवी, त्यांना डोळस पान मिळालं होतं. ज्यांच्याकडून शुद्धीची दक्षिणा उकळता येईल, त्यांच्या वाट्याला आंधळं.

"विज्ञान अपनी जगह, श्रद्धा अपनी जगह," पर्णानंदजी म्हणाले. "ती गाठ ईश्वराने घातलेली आहे."

"तो भिया, हमारे पत्ते में भी डलवा दो ना," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"और वेल रडते ते?" दुसऱ्याने विचारलं.

अरुंधतीने तेही सांगितलं. होयाच्या फुलात मध असतो. तो फुलावरच सुकून बसतो आणि वरून पाण्याचा फवारा मारला की विरघळून ओघळतो. भजनाऐवजी क्रिकेटची कॉमेंट्री लावली तरी ओघळेल.

पर्णानंदजींना तेवढ्यात ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. ते पडद्याआड गेले ते मागच्या दाराने पसार झाले. पडद्यामागे एका फळीवर गाठीच्या कुंड्या, दुसरीवर बिनगाठीच्या, आणि त्यांच्यात बसलेला शिष्य. तो ज्याला त्याला सांगत होता की आपण फक्त फवाऱ्याचं काम बघतो. लोक त्याला पोलीस चौकीत घेऊन गेले.

गर्दी पांगली तरी शशिकलाताई सतरंजीवर बसून राहिल्या. अरुंधती त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"आता खात्री कशाची धरायची हो?" शशिकलाताईंनी विचारलं. "पत्रिका बघितली, तीपण खोटी निघाली."

"खात्री नसतेच, ताई. पण मुलांशी बोलता येतं. थोरल्याचं लग्न का मोडलं, ते कधी विचारलंत त्याला?"

शशिकलाताईंनी नकारार्थी मान हलवली. एवढ्या देवळांना आणि महाराजांना त्यांनी विचारलं होतं, मुलाला विचारायचं राहूनच गेलं होतं.

बाहेर सुरभी धनेशला म्हणत होती, "लग्नाचं मी आज काही सांगणार नाही. आज बोललास, चांगलं केलंस. आता बोलत राहा, मग बघू." तो बोलत राहिला असावा, कारण थंडीत त्यांचं लग्न झालं. मुहूर्त दोघांच्या सुट्ट्या बघून काढला होता.

पण त्या संध्याकाळी गोदामातून सगळ्यात शेवटी निघाल्या त्या इंदुमतीबाई. साठीच्या पुढच्या, हातात उपटलेलं पान. त्या अरुंधतीपाशी आल्या.

"डॉक्टर, यात खरंच डोळा नव्हता?"

"नव्हता."

"यावरून मी सुनेला माहेरी पाठवलं, देवासला. म्हटलं, घराला लागलेला दोष तूच आहेस." त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "आता बोलावलं तर येईल का ती?"

"येईलही, नाहीही. नाही म्हणायचा तिला हक्क आहे. पण फोन करू नका. स्वतः जा, आणि चूक कोणाची होती ते तिच्यासमोर सांगा."

इंदुमतीबाई दुसऱ्याच दिवशी देवासला गेल्या. सून लगेच आली नाही. तिने सासूला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि विचार करून कळवते म्हणाली.

त्या गोदामात जमलेली माणसं अडाणी नव्हती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेला माणूस आधी प्रश्न विचारणं सोडतो. तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार खुशाल करा, पण हे होतं कसं ते आधी विचारा. गोष्ट खरी असेल तर प्रश्नाने तिचं काही बिघडत नाही. खोटी असेल, तर निदान कुणाच्या सुनेला त्यापायी घर सोडावं लागणार नाही.