इश्वरच्या जीपचा डंपर

इश्वरला मिलिटरीच्या लिलावातली जीप घ्यायला कोणी लावलं, हे मला अजून कळलेलं नाही. मी नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. कारण इश्वरच्या प्रत्येक उद्योगात त्याच्या शेजाऱ्याचं, म्हणजे माझं, गोमाजीचं नाव घ्यायची आमच्या गावाला सवय आहे. आणीबाणी उठली त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती जीप गावात आली. दिसायला झकास. फक्त वेग घेतला की तिचं स्टेअरिंग अंगात आल्यासारखं थरथरायचं, आणि त्याच्यासोबत चाकं, टप, सीट आणि सीटवरचा माणूस.

इश्वरची बायको रुखमा तिच्यात एकदाच बसली. मांडीवर तांदळाचं सूप होतं. घरी पोचेपर्यंत तांदूळ आपोआप पाखडून झाले होते, पण निम्मे रस्त्यावर. ती उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "मी पुन्हा या जीपमंदी बसनार नाई. मंडईले मी रेंगीनं जाईन."

रेंगी म्हणजे बैलांची हलकी गाडी, आणि मंडई कोंढ्याची, रुखमाच्या माहेरची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, घरोघरी पाहुणे. इश्वरनं सासरी निरोप धाडून ठेवला होता, की यंदा जावई जीपनं येणार आणि शेजारी रुखमा बसलेली असणार. आता जीप पुढे रिकामी आणि बायको मागून रेंगीत, असं झालं असतं तर साळ्यांनी त्याला जन्मभर सोडलं नसतं. शिवाय खरं सांगायचं तर त्याला रुखमा शेजारी हवी होती. जीप घेतली होती ती त्यासाठीच. तो हे बोलला नाही, पण एवढं मलाही कळतं.

मला सोबत ओढून तो साकोलीला हिरालालच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. हिरालालनं सगळं ऐकून घेतलं.

"स्टेरिंगले डॅम्पर लावा लागते," तो म्हणाला आणि त्यानं एक नळी काढून समोर ठेवली. आत तेल, बाहेर मागे-पुढे सरकणारा दांडा. चाकाला बसलेला धक्का ही नळी गिळून टाकते, हातापर्यंत येऊ देत नाही. दिसायला सायकलच्या पंपाएवढी.

इश्वरचं तोंड उतरलं. "एवढासा? एवढ्यानं माह्या बायकोची भीती जाईन का?"

"हा जीपचा आहे, बायकोचा नाई," हिरालाल म्हणाला.

पण इश्वरला मोठाच पाहिजे होता. त्याचा साडू खुशाल चिखल्याला एका ठेकेदाराचा डंपर चालवायचा, खाणीतलं मँगनीज वाहायचा. त्याच्या ओळखीत गाड्यांचं जुनं सामान पुष्कळ. इश्वरनं एस.टी.चा ड्रायव्हर आसाराम याच्याकडे निरोप दिला, "खुशालले सांगजा, मंडईच्या आधी मोठा डॅम्पर पाठव मनावं." आसारामनं मान हलवली. आसारामची मान खड्ड्यांनीही हलते, हे मी तेव्हाच म्हणालो होतो.

मंडईच्या आदल्या दिवशी गल्लीत जमीन हादरली. एक अख्खा डंपर माझ्या कुंपणाची एक बाजू घेऊन इश्वरच्या दारात उभा राहिला. वरून खुशाल ओरडला, "आणला गा साडभाऊ! सांग, काय वाहाचं हाय?"

सगळं गाव जमलं. इश्वरनं कपाळावर हात मारला. "अरे, डॅम्पर! डॅम्पर सांगतला होता मी!"

"मंग हा काय हाय?"

"हा डंपर हाय!"

"तेच तं मनून राहिलो मी!"

हे बराच वेळ चाललं. माझ्या कुंपणाबद्दल कोणी बोलेना. शेवटी मीच ओरडून दोघांना फरक समजावला. खुशाल आधी चिडला, ठेकेदाराच्या हातापाया पडून गाडी आणली म्हणाला, आणि मग त्यानं सीटखालून मांडीएवढी जाड, गंजलेली नळी बाहेर काढली. मोडीत निघालेल्या डंपरची होती. ती पाहून इश्वरचे डोळे असे चमकले, की त्याच्या लग्नातही मी तसे पाहिले नव्हते.

"हे जीपले लय मोठं होते गा," मी म्हणालो.

"तू चूप बस, गोमाजी."

दोघं जीपखाली शिरले. नळीचं एक टोक पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याला आणि दुसरं चेसिसला, नांगराचे बोल्ट लावून पक्कं आवळलं. रुखमानं काठोकाठ भरलेला लोटा सीटवर ठेवला आणि म्हणाली, "एक थेंब सांडला तं मी रेंगीनं जाईन." इश्वर कालव्यापर्यंत सरळ गेला आणि हौसेनं तसाच रिव्हर्समध्ये मागे आला. स्टेअरिंग दगडासारखं स्थिर. थेंब सांडला नाही. रुखमा हसली, आणि इश्वर एवढा खूश झाला की गाडी एकदाही वळवून पाहिली नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. घराजवळची वळणं इश्वरनं दात-ओठ खात घेतली. "नवं हाय, सैल होईन," म्हणाला. पुढे रस्ता सरळ लागला. रुखमा शेजारी ताठ बसली होती, नवं लुगडं, डोक्यावर पदर. मी मागे फराळाच्या टोपलीजवळ.

कोंढ्याच्या फाट्यावर सगळं सासर उभं होतं. सासूबाई सुलोचनाबाई ओवाळायचं ताट घेऊन पुढे. इश्वरनं स्टेअरिंग फिरवलं. स्टेअरिंग फिरलं नाही. ब्रेक मारायचं सोडून तो त्याच्याशीच झोंबत राहिला, आणि आमची जीप सासरच्या मंडळींसमोरून सरळ निघून गेली. सासूबाईंनी ताट जीपच्या धुळीलाच ओवाळलं. रुखमानं जाता जाता नमस्कार केला.

"काहून थांबले नाई तुमी?"

"वळत नाई वो!"

समोर रस्ता डावीकडे वळत होता आणि सरळ नाकासमोर तलाव. तलावात जाळं टाकणारी माणसं आमच्याकडे पाहत बाजूला सरकू लागली. मी टोपली उराशी धरून देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात रुखमानं पदर कमरेला खोचला, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि ओरडली, "तुमी ढकला, मी वढते!"

लहानपणापासून विहिरीचं पाणी शेंदलेले हात होते ते. स्टेअरिंग कुरकुरलं आणि वळलं. तलाव उजवीकडे राहिला. नुकत्याच कापलेल्या धानाच्या बांधीतून मोठा वळसा घेऊन जीप माघारी फिरली. चार हात एका चाकावर, दोघांचीही तोंडं लाल, अशी ती मंडईत शिरली. साळ्यांना हसायचं होतं, पण बहिणीचा हात स्टेअरिंगवर पाहून त्यांची तोंडं उघडीच राहिली. सुलोचनाबाईंनी आधी लेकीला ओवाळलं आणि मग जावयाला.

रात्री जेवताना इश्वर मान खाली घालून म्हणाला, "उद्या हिरालालचा बारीकच लावून घेतो. मंग तुले काही तरास नाई."

रुखमा वाढता वाढता थांबली. "कायले? तो लावला तं मले हात लावू द्याल का तुमी?"

इश्वरनं तिच्याकडे पाहिलं आणि भात जास्त मागितला.

परतीला मी आमच्या गावाकडे निघालेल्या एका रेंगीत बसलो. पुढे जीप बैलांच्याच चालीनं चालली होती. प्रत्येक वळणावर दोघं चाकावर वाकायचे, भांडायचे, आणि वळण संपलं तरी रुखमाचा हात तिथेच असायचा. कुंपण मात्र माझं मलाच बांधावं लागलं.