सिरपूरच्या दोन नावा

मी सिरपूरच्या तलावातली मासेमारीची नाव. रागीट आहे, हे आधीच सांगते. कारण ऐकलंत तर तुम्हीही व्हाल.

होळकरांचं राज्य जाऊन मध्य भारत झाला, त्या साली एकाच सागातून आम्हां दोघी बहिणींना घडवलं. मालक तलावाचे ठेकेदार प्रतापराव. आम्ही इतक्या सारख्या, की नावाडी चिंतामण भोई तेवढा आम्हाला वेगळं ओळखायचा. वल्हं उचलण्याआधी दोघींच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हात लावून नमस्कार करायचा.

थोरलीच्या तळाची फळी कुजली. "साहेब, पाय रुततोय," चिंतामण म्हणाला.

"अरे भिया, चल जाएगी! एवढा मोसम काढ."

फळी फुटली. जाळ्यात पाय अडकून चिंतामण तलावाच्या मधोमध बुडून गेला. थोरलीला काठावर ओढून, कुणी बघायच्या आत प्रतापरावांनी फळीवर पत्रा ठोकून डांबर फासलं आणि सगळीकडे सांगितलं, "प्यायलेला होता." दारूच्या वासानेही ज्याला मळमळायचं, त्याच्याबद्दल!

मला काठावर पालथी टाकली. उन्हात तापत मी एकच मागत होते: हा माणूस एकदा माझ्या हाती लागू दे.

पुढे नावा विकायला काढल्या. घ्यायला आली चिंतामणचीच बायको गंगूबाई, दीर बाबूरावला घेऊन. मुलांची पोटं तलावावरच होती ना.

दोघींना पाण्यात लोटलं. सुकून माझ्या सांधी उघडल्या होत्या. भराभर पाणी शिरलं. थोरली डांबराखाली कोरडी ठणठणीत.

"वहिनी, ही तर चाळणी आहे! ती घेऊ."

"बरोबर बोलला भिया. एकदम पक्का माल," प्रतापराव म्हणाले.

अगं बाई, लाकूड फुगेपर्यंत थांब! हाच माणूस पुन्हा तुझं घर बुडवतोय!

गंगूबाईने पिशवीतून नारळ काढला. "घेते. पण विकणाऱ्याने त्याच नावेतून जाऊन मधोमध नारळ सोडायचा, ही आमची रीत. आज माझा प्रदोष आहे, साहेब. रीत मोडवणार नाही."

"मी? अहो, हे धोतर..."

"वाळेल की."

"बाबूराव जाऊ दे ना."

"विकताय तुम्ही."

प्रतापरावांनी थोरलीत पाय टाकला. तळ करकरला. चटका बसावा तसा पाय मागे आला. तोंड पांढरंफटक.

गंगूबाईने त्या मागे आलेल्या पायाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे फळीच फुटली होती. ते प्यायलेले नव्हते."

काठावरचे सगळे भोई ऐकत होते. पुन्हा एकानेही प्रतापरावांसाठी वल्हं धरलं नाही.

"ही द्या," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. नारळ सोडायला मात्र प्रतापराव थांबलेच नाहीत.

थोरली चुलीत गेली. मी पाण्यात फुगले, सांधी मिटल्या. गंगूबाईची मुलं आता माझ्यातून जाळी टाकतात. नारळ माझ्या नाळेशी बांधलेला आहे. प्रदोषाला त्यावर फूल वाहून ती म्हणते, "येतील गं साहेब कधीतरी नारळ सोडायला. देव बुद्धी देतो. तू राग सोड."

बाई, तुझं सगळं ऐकते, एवढं सोडून.

या ना, प्रतापराव. बुडवणार नाही, तिची शपथ आहे. चिंतामण गेला तिथवर नेईन फक्त. आणि तुम्ही त्याचं नाव मोठ्याने घेईपर्यंत तिथून हलणार नाही.