भिवपुरीच्या वर्गाचं जहाज

सुरभीचा नवरा शौनक मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. मुंद्रा, न्हावा-शेवा, कोची, तुतिकोरिन अशी किनाऱ्याकिनाऱ्याने कंटेनरची ने-आण चालायची. कर्जतच्या घरी त्याचा फोन यायचा तो असा : "जेवलीस? आई बरी ना? वॉचच्या पाळीला जायचंय, ठेवतो." समुद्रावर रेंज नसते, असं सुरभी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि स्वतःचीही समजूत घालायची.

मग जहाजवाल्यांच्या एका संस्थेने समुद्रापासून आत असलेल्या शाळांसाठी उपक्रम काढला. एकेका वर्गाला एकेक जहाज जोडून द्यायचं आणि त्यावरच्या माणसाने मुलांशी बोलायचं. भिवपुरीजवळच्या एका शाळेतल्या सातवीला नेमकं शौनकचं जहाज मिळालं. वर्गाच्या तनयाबाई सुरभीला बाजारात भेटल्या.

"शौनक सर काय रंगवून सांगतात हो! सकाळी डेकवर उडणारे मासे पडलेले असतात म्हणे. ऐकायचंय?"

त्यांनी भाजीवालीसमोरच फोनवर त्याचा व्हॉइस मेसेज लावला. शौनक हसत होता, मुलांना चिडवत होता, ते मासे तळले म्हणून कॅप्टन कसा खवळला त्याची नक्कल करत होता. सुरभी तोंड भरून हसली आणि घेतलेली भाजी तिथेच विसरून घरी आली.

तनयाबाई वयाने मोठ्या, सरळ स्वभावाच्या. संशय घ्यायलाही जागा नव्हती, म्हणून तर जळफळाट जास्त. कधी न पाहिलेल्या पोराटोरांचा सुरभीला मत्सर वाटत होता आणि त्याची लाजही वाटत होती. सासूबाईंनी विचारलं, "शौनक काय म्हणतो?" तर ती फटकन म्हणाली, "भिवपुरीला विचारा."

पुढच्या आठवड्यात वर्गात व्हिडिओ कॉल होता. तनयाबाईंनी आग्रहाने बोलावलं. सुरभीने शौनकला आवडते ती जांभळी साडी नेसली, आणि गेल्यावर मात्र कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी मागच्या बाकावर जाऊन बसली.

भिंतीवरच्या पडद्यावर शौनक आला. पोरांनी गलका केला.

"आज मी तुमच्या अगदी जवळ आहे," तो म्हणाला. "न्हावा-शेव्याच्या बाहेर नांगर टाकलाय. धक्का रिकामा होईपर्यंत थांबायचं. परवापासून इथेच आहोत."

सुरभीने पर्समधून फोन काढून पाहिला. कालच त्याचा मेसेज आला होता, 'रेंज कमी आहे.'

पुढच्या रांगेतली पारू उभी राहिली. "सर, इतक्या जवळ हाव, तर घरी का नाय येत?"

"उतरता येत नाही गं. जहाज उभं असलं तरी वॉच असतोच."

"मग घरच्यांना सांगितलं तरी हाय का?"

शौनक कॅमेऱ्यावरून नजर काढून बाजूला बघू लागला. सुरभी उठली. "मलाही तेच विचारायचंय, सर."

आवाज ओळखून तो खुर्चीत ताठ बसला. "सुरभी?"

"या मुलांना सगळं कळतं. मला का नाही?"

"सांगितलं असतं तर बंदराच्या गेटवर येऊन उभी राहिली असतीस."

"राहिले असते."

"आणि मला खाली उतरायला परवानगी नाही म्हणून रडत परत गेली असतीस. ते मला इथून..." त्याने पडद्यातून मुलांकडे बोट केलं. "यांच्याशी बोलताना घराची आठवण येत नाही. तुझ्याशी बोलायला लागलो की येते. म्हणून लवकर ठेवतो."

"येऊ दे ना आठवण! मला तरी इथे आठवणीशिवाय दुसरं काय असतं?"

तनयाबाईंनी पटकन मुलांना नांगर किती जड असतो ते विचारायला लावलं.

संध्याकाळी शौनकचा फोन आला. आधी दोघं भांडली. मग तो बोलत राहिला : धक्क्यावरच्या दिव्यांबद्दल, केरळच्या आचाऱ्याबद्दल, मान्सूनमध्ये नांगर घसरला तेव्हा पाय कसे लटपटले त्याबद्दल. हे शेवटचं त्याने मुलांना सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही ना, असं तिने मुद्दाम विचारून घेतलं.

आता वर्गासाठीचे मेसेज आधी सुरभीकडे येतात. ती चहा घेत निवांत ऐकते. तनयाबाईंचा "आज आला नाही का हो?" असा फोन आला, की "बघते हं," म्हणते आणि आणखी एकदा ऐकूनच पुढे पाठवते.