एजंट ठरवायचा सासूबाईंनी

आमचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना रस्ता दिसायचा तो फक्त खिडकीतून. हे विकून तळमजल्यावर घर घ्यायचं, असं मी आणि नवऱ्यानं केव्हाच ठरवलं होतं. पण घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून एजंटही त्यांना पसंत पडायला हवा. घोडं तिथंच अडलं होतं.

पहिल्याला त्यांनी "फार गोड बोलतो" म्हणून घालवलं, दुसऱ्याला "तोंडच उघडत नाही" म्हणून. तिसऱ्यानं मोबाइलवर घरांचे फोटो दाखवले. "फोटोत नवरदेवसुद्धा देखणाच दिसतो," असं म्हणून त्यांनी त्याचीही बोळवण केली. माझं डोकं फिरलं. शिलाई मशीन असं काही दामटलं की ब्लाउजची बाही उलटी लागली. यांना खाली यायचंच नाही, अशी माझी खात्रीच झाली होती.

मग काल ही एजंटबाई आली. धापा टाकत बसली, घटाघटा पाणी प्यायली आणि थेट सासूबाईंनाच विचारलं, "आजी, घर कसं हवं?"

"खिडकीतून माणसं दिसली पाहिजेत. हाक मारली तर वळून बघतील, इतकी जवळ."

"आहे एक, याच गल्लीच्या टोकाला. चला."

"फोटो दाखव की."

"फोटो मी दाखवत नाही. घर बघायला आपण जायचं असतं."

नवरा चाचरला, "अहो, पण आईला जिना..."

"खुर्ची आहे ना घरात? मागून तुम्ही धरा, पुढून मी."

"आणि पाडलंत तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर दलाली माफ!"

सासूबाई खुदकन हसल्या. त्या नाही म्हणतील म्हणून मी वाट बघत होते, तर सासूबाई पदर खोचून खुर्चीत जाऊन बसल्यासुद्धा!

जिन्यात नुसती धमाल उडाली. मी पुढं धावत सायकली, बादल्या बाजूला करत होते. खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन हातातलं काम टाकून मदतीला आला. दारं उघडली, सगळे बघायला बाहेर आले, आणि सासूबाईंचे हुकूम सुटले, "डावीकडं घ्या! अरे, भिंत खरवडू नका, विकायचीय ती!"

खाली खुर्ची टेकली. माझ्या खांद्याला धरून सासूबाई रस्त्यावर उभ्या राहिल्या. समोरचा दुकानदार "आजी!" म्हणून ओरडलाच. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही भान राहिलं नाही.

"चला, घर जवळच आहे," एजंटबाई घाम टिपत म्हणाली.

"थांब गं, घर काय पळून जातंय?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या कानाशी लागून हळूच बोलल्या, "एजंट हीच. पण पहिलंच घर लगेच पसंत करायचं नाही हं. चार-पाच तरी बघू."